वरच्या गावची फेरी

नोकरी संपली त्या दिवशी मला शाल, नारळ आणि भिंतीवरचं एक घड्याळ मिळालं. घरी आल्यावर मी पलंगावर बसून पायांना तेल चोळलं आणि नवऱ्याला सांगून टाकलं की आजपासून मी कुठंही पायी जाणार नाही. दुधासाठी कोपऱ्यापर्यंतसुद्धा नाही. हे म्हणाले, "नको जाऊ." दुसऱ्या दिवसापासून दूध तेच आणू लागले.

मी आरोग्य उपकेंद्रात नर्स होते. सौंसर तहसिलीतली सात गावं माझ्याकडे होती. पाच रस्त्याला लागून होती, त्यांचं काही वाटायचं नाही. उरलेली दोन टेकडीवर, आणि त्यातल्या शेवटच्याला सगळे वरचं गावच म्हणायचे. मोहगावच्या पुढं एका फाट्यावर बस सोडायची, तिथून पुढं दोन पायांशिवाय दुसरं साधन नव्हतं. आधी कपाशीची वावरं लागायची, मग संत्र्याचे बगीचे, मग नाला. नाला ओलांडला की नुसतं बरड सुरू व्हायचं. मुरूम, काळे दगड, बोरीची काटेरी झुडपं, खैर, आणि फाल्गुनानंतर एकही पान नसलेला साग. उजव्या खांद्याला लसीचा निळा डबा, त्यात बर्फ. डाव्या हातात रजिस्टरांची पिशवी. राज्य हिंदीचं म्हणून रजिस्टर हिंदीत भरायचं, बायकांशी मराठीत बोलायचं आणि वरच्या गावातल्या म्हाताऱ्या गोंडीत काही म्हणाल्या की समजल्यासारखी मान हलवायची. बर्फ वितळायच्या आत पोचायचं आणि शेवटची बस सुटायच्या आत फाट्यावर परत यायचं. तीस वर्षं हेच.

संध्याकाळी सौंसरच्या बसस्टँडवर हे स्कूटर घेऊन उभे असायचे. बाजारात यांचं स्टेशनरीचं दुकान होतं. वह्या, पेनं, शाळेच्या दप्तरांपासून बांगड्या-टिकल्यांपर्यंत सगळं. मी बसमधून उतरले की विचारायचे, "झालं?" मी म्हणायचे, "झालं." त्या गावांबद्दल आमचं बोलणं याच्या पुढं कधी गेलं नाही. घरी गेल्यावर बहुतेक वेळा भात शिजलेला असायचा आणि मुलाचा गृहपाठ झालेला असायचा. ते मला दिसायचं, पण त्यावर चार शब्द बोलावेत एवढा जीव अंगात उरलेला नसायचा.

मला वाटायचं, एकदा नोकरी संपली की हा थकवा उतरेल. तो उतरला नाही. मी दुपारी झोपू लागले आणि उठल्यावर झोपण्याआधीपेक्षा जास्त थकलेली असे. पाय चालून दुखत होते, ते आता न चालून दुखायला लागले. नागपूरला असलेला मुलगा फोनवर सांगायचा की इकडे या, फ्लॅटला लिफ्ट आहे, आईला जिना चढावा लागणार नाही. मी बरं म्हणायचे. कुठं जायचं आणि कुठं नाही, याचाही मला कंटाळा आला होता. असे आठ महिने गेले.

तेवढ्यात यांच्या रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि रोज पाऊण तास चालायला सांगितलं. यांनी आयुष्यभर दुकानातल्या गादीवर बसून काढलेलं. तरी हे रोज सकाळी शाळेच्या मैदानावर जायला लागले. तिथं आणखी पाच-सहा रिटायर माणसं असत. पांढुर्णा जिल्हा झाल्यानं कोणतं ऑफिस कुठं जाणार, यावर बोलत बोलत ते मैदानाला फेऱ्या मारत. महिनाभरात हे त्याला कंटाळले. एका सकाळी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "घाण्याच्या बैलासारखा गोल फिरून राहिलो मी. तू जायची ना, वरच्या गावाले? तिकडं मले घेऊन चाल एक दिवस."

मला राग आला. का आला ते तेव्हा सांगता आलं नसतं. तीस वर्षं ज्या वाटेनं मी पाय झिजवले, ती यांना आता हवा खायला हवी होती. मी सांगितलं, तिकडं पाहण्यासारखं काही नाही, दगड आहेत. हे म्हणाले की दगडच पाहू. चार दिवस यांनी तो विषय सोडला नाही. शेवटी त्यांचं तोंड बंद व्हावं म्हणून मी दिवाळीनंतरच्या एका रविवारी हो म्हणाले.

पहिल्या दिवशी आम्ही फक्त नाल्यापर्यंत गेलो. हे पॉलिश केलेले बूट घालून आले होते, लग्नाला जावं तसे. मी कपाटाच्या मागून माझे जुने कॅनव्हासचे बूट काढले. फाट्यावर उतरलो तेव्हा थंडी होती आणि वावरांमध्ये कापूस फुटलेला होता. मी पुढं, हे मागं. थोडं अंतर गेल्यावर यांनी हाक मारली आणि विचारलं, "तू वाकडी काहून चालून राहिली?"

मी थांबून स्वतःकडं पाहिलं. मी डावीकडं झुकून चालत होते. उजव्या खांद्यावर डबा असल्यासारखी तोल सांभाळत होते. सरळ चालायचा प्रयत्न केला तर पाऊल अडखळलं. हे जवळ आले, पाहिलं. मग पुढची अर्धी वाट "सरळ, सरळ" असं मधूनमधून मागून सांगत राहिले, मुलाला सायकल शिकवताना सांगायचे तसं. मला हसू आलं. किती दिवसांनी आलं कोण जाणे.

त्या वाटेवर मी कधी वर पाहिलेलंच नव्हतं. नजर कायम पायाखाली किंवा घड्याळावर. त्या दिवशी खांदा रिकामा होता आणि गाठायचं काहीच नव्हतं. नाल्याच्या अलीकडं गवत वाळून फिकट पिवळं झालं होतं, त्याची कुसळं साडीच्या काठात घुसत होती. कुठंतरी टिटवी ओरडत होती. नाल्यापलीकडची टेकडी, जिला मी हजार वेळा शिव्या दिल्या होत्या, ती उन्हात विटकरी दिसत होती आणि तिच्या अंगावरचा एकेक दगड वेगळा मोजता यावा इतकी हवा स्वच्छ होती. दोन वाजेपर्यंत आम्ही परतलो. बसमध्ये हे तोंड उघडं ठेवून झोपले. त्या दिवशी मी दुपारी झोपले नाही.

मग आम्ही दर रविवारी जाऊ लागलो. यांच्यासाठी एक नंबर मोठे बूट घेतले, आत जाड मोजे घालता यावेत म्हणून. मी सकाळी भाकरी, पिठलं, कांदा बांधून घ्यायचे. पाण्याच्या दोन बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळायच्या, एका पुडीत गूळ-शेंगदाणे. कधी जाम नदीच्या पात्रातून चालायचो. पावसाळा सरला की त्यात पाण्यापेक्षा वाळूच जास्त. एकदा रस्ता टाळून, वावरांच्या बांधांवरून, धुऱ्याधुऱ्यानं, जामसांवलीच्या देवळाला गेलो. नागपूरहून आलेल्या गाड्यांची रांग लागली होती आणि धुवट कपड्यांतल्या त्या गर्दीत आम्ही दोघं गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेले. हनुमंताला दुरूनच हात जोडले आणि बाहेरच्या कट्ट्यावर बसून भाकर खाल्ली. एकदा कोरड्या तळ्याच्या भेगाळलेल्या मातीवरून चाललो. पावलागणिक पापुद्रे पापडासारखे मोडत होते. हे मुद्दाम एकेका पापुद्र्यावर पाय देत होते. साठी ओलांडलेला माणूस.

चालण्यात मी त्यांच्यापेक्षा सरस होते, ते उघडच होतं. पण यांना बसता यायचं. ते मी त्यांच्याकडून शिकले. माझ्या फेरीत मी झाडाखाली कधी बसलेच नव्हते. बसलं की उठवणार नाही याची भीती असायची. हे मात्र सावली पाहायचे, दगड पाहायचे, दगडाखाली काडी फिरवून विंचू नाही याची खात्री करायचे आणि असे बसायचे की जणू गिऱ्हाईक यायला अजून तासभर आहे. मला म्हणायचे, बस. मी बसले तरी पाच मिनिटांत माझे पाय उठायला बघायचे. हे म्हणायचे, अजून. हळूहळू जमलं. तासभर तसं बसलं की बरडावर काय काय चालतं ते दिसू लागतं. मुंगूस एका बिळातून निघून दुसऱ्यात जातं. रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा, कळप लांबून आमच्याकडं बघत उभा राहतो आणि कंटाळून चरायला लागतो. मी थकलेलीच असायचे, ते काही गेलं नव्हतं. पण तो थकवा खाली ठेवून शेजारी बसता येत होतं.

त्या बसण्यात आम्ही फार बोलायचो असं नाही. यांनी कधी वरच्या गावाबद्दल विचारलं की मी थोडं सांगायचे. कुठल्या घरी पाणी प्यायचे, कुठल्या घरी कुत्रं अंगावर यायचं. संक्रांतीनंतर यांनी ठरवलं की माझी पूर्ण फेरी एकदा करायची. फाट्यापासून वरचं गाव, आणि येताना टेकडीच्या दुसऱ्या अंगानं उतरून नाल्याला लागायचं, अगदी मी यायचे तसं. मी टाळत राहिले. टाळता टाळता फाल्गुन लागला आणि ऊन तापायला लागलं. तेव्हा हे म्हणाले की आता नाही गेलो तर पुढच्या दिवाळीपर्यंत नाही. मी नर्स होते. मला 'नको' म्हणता आलं असतं.

पहिल्या बसनं निघालो. यांनी चहासोबत दोन टोस्ट खाल्ले, गोळी घेतली आणि म्हणाले की जेवण वर गेल्यावर करू. नाला कोरडा होता. टेकडीला पळस फुलला होता, पानं नाहीत आणि नुसती केशरी फुलं. हे दर थोड्या वेळानं थांबून मागं वळून पाहत होते आणि फाटा किती खाली राहिला ते मला सांगत होते. अकराच्या सुमारास आम्ही वर पोचलो.

गाव बदललं होतं. दुसऱ्या बाजूनं सिमेंटचा रस्ता आला होता. मी जिथं चटई टाकून बसायचे तिथं अंगणवाडीची पक्की खोली होती, तिला कुलूप होतं. माणसं फारशी नव्हती, मोहाची फुलं वेचायला गेलेली. कडेवर मूल घेतलेली एक तरुण बाई बाहेर आली आणि तिनं हिंदीत विचारलं की कोणाकडं आलात. मी सांगितलं की मी इथली आधीची नर्स. तिनं मान हलवली. नर्स मॅडम मंगळवारी येते, स्कूटीवर, असं तिनं मला समजावून सांगितलं. मग आत जाऊन गडूभर पाणी आणून दिलं. मी दोन-तीन म्हाताऱ्यांची नावं घेतली. एक वारली होती, एक लेकीकडं गेली होती, तिसरी तिला माहीत नव्हती.

ती बाई चांगली वागली. तिची काहीच चूक नव्हती. त्या गावात मी किती मुलांच्या नाळा कापल्या असतील, कदाचित तिचीसुद्धा, पण जन्मलेल्या मुलाला नर्सचं तोंड कसं आठवणार. हे सगळं मला तिथं उभ्या उभ्या कळत होतं. तरीही कोणीतरी घरातून बाहेर येईल, "अवं बाई, तुमी?" असं म्हणेल, आणि हे ते ऐकतील, असं मी मनात धरून चालत आले होते, हे मला तिथं पोचल्यावर समजलं.

हे म्हणाले, त्या चिंचेखाली बसू, जेवू. मी म्हणाले, इथं नको, खाली नाल्यात. हे म्हणाले की भूक लागली आहे. मी चालायला लागलेच होते. मागं वळूनही पाहिलं नाही. माझ्या पायांत ती जुनी घाई परत आली होती, बस चुकेल अशी.

टेकडीच्या दुसऱ्या अंगाची वाट सापडेना. जिथून ती उतरायची तिथं आता संत्र्याची नवी लागवड होती आणि भोवती तारेचं कुंपण. रानडुकरांसाठी त्यात झटका देणारी मशीन लावलेली, तिची टिकटिक ऐकू येत होती. माझी वाट कुंपणाच्या आत गेली होती. आम्ही तारेच्या कडेकडेनं निघालो. दगडातून वर जायचं, परत खाली यायचं, पुढं पुन्हा तार. एक बाटली संपली. ऊन डोक्यावर आलं होतं आणि खालचा दगडही तापला होता. मी पुढं चालत होते आणि मनात त्या बाईला, त्या कुंपणवाल्याला, स्वतःला, सगळ्यांना बोलत होते. हे मागं आहेत एवढंच माहीत होतं.

यांनी काहीतरी विचारलं. मी वळले. हे सागाच्या एका बारक्या खोडाला धरून उभे होते आणि म्हणाले, "दुकानाची चाबी तुयाजवळ आहे का?"

दुकान बंद करून तीन वर्षं झाली होती. तिथं आता मोबाइलवाला भाड्यानं आहे.

मी परत धावले. शर्ट घामानं चिंब, हात मात्र गार. डोळे माझ्याकडं होते, पण मला पाहत नव्हते. साखर उतरली होती. सकाळची गोळी, दोन टोस्ट, पाच तासांची चाल. कुठल्याही गावातल्या कुठल्याही घरी शिरले की माझा पहिला प्रश्न असायचा, काही खाल्लं का? माझ्या माणसानं भूक लागली म्हणून सांगितलं होतं आणि मी पुढं चालत सुटले होते.

यांना खाली बसवलं. गुळाचा खडा तोंडात घातला तर यांनी तोंड फिरवलं. मी रागावले, हट्टी पेशंटला रागवायचे तशी, आणि यांनी गुपचूप तोंड उघडलं. उरलेल्या पाण्यात गूळ चुरून घोट घोट पाजला. पदरानं सावली धरून बसले. आजूबाजूला माणूस नाही, फोनला रेंज नाही, नुसती ती मशीन टिकटिक करत होती. दहा मिनिटं झाली असतील, पंधरा झाली असतील. मग यांनी हातानं तोंड पुसलं, इकडंतिकडं पाहिलं आणि विचारलं की आपण बसलो काहून. धरलेला पदर मी खाली सोडला तो तेव्हा. आधी नाही.

भाकर-पिठलं थोडं थोडं भरवलं. जरा रंग आल्यावर उठवलं आणि कुंपणाच्या टोकावरून हळूहळू खाली घेऊन आले. दर वीस पावलांना बसवत होते. नाल्यात कुणीतरी वाळू उकरून झिरा केला होता, वीतभर खड्डा, त्यात गार पाणी झिरपलेलं. पदरातून गाळून दोघंही प्यालो, बाटल्या भरल्या. काठावर मोहाचं मोठं झाड होतं, त्याखाली आम्ही आडवे झालो. फुलं पडून वाळली होती, त्यांचा गोड, आंबूस वास येत होता.

मग हे वर झाडाकडं पाहत म्हणाले, "मी इथवर आलो होतो."

मला वाटलं, परत साखर उतरली. मी उठून बसले. हे म्हणाले की तसं नाही, मी बरा आहे. मागं, मुलगा पाचवीत होता तेव्हाची गोष्ट. तू वरच्या गावात अडकली होती.

तो दिवस मला आठवत होता. एका बाईच्या बाळंतपणाची अडलेली खेप होती, तिला सोडून निघता येत नव्हतं. तेव्हा गावात फोन नव्हते. मी मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसनं सौंसरला उतरले. स्टँडवर हे नव्हते. मी पायी घरी गेले. तीन दिवस यांनी माझ्याशी धड बोलणं केलं नाही. मी समजले की यांना राग आला. बायको रात्रभर बाहेर राहिली, चार लोक काय म्हणतील, असला काहीतरी. मीही विचारलं नाही. पण ते तीन दिवस मी मनात घट्ट धरून ठेवले होते. पुढं वीस-बावीस वर्षं, कधी यांचं काही चांगलं दिसलं की मी ते तीन दिवस त्याच्यापुढं ठेवायचे.

हे सांगू लागले. त्या सकाळी मुलाला शेजारी ठेवून, दुकान न उघडता हे पहिल्या बसनं फाट्यावर आले होते. विचारत विचारत नाल्यापर्यंत पोचले. नाल्यापलीकडं तीन पायवाटा फुटत होत्या. एकीनं थोडं वर गेले, ती दगडात संपली. परत आले, दुसरीनं गेले, तिथं काट्यात शर्ट फाटला. दुकानातली चप्पल होती, तिचा अंगठा तुटला. मग या झाडाखाली येऊन बसले. काही वेळानं बकऱ्यावाला एक माणूस वरून आला. त्यानं सांगितलं की नर्सबाई वरच आहे, रात्री पोरगी झाली, दोघी बऱ्या आहेत. ते ऐकून हे उठले आणि माझ्या आधीच्या बसनं परत गेले.

मी विचारलं की मग बोलले काहून नाही.

यांनी एक वाळलेलं फूल उचलून चुरगळलं. नंतर म्हणाले, "लाज वाटली. तू आठवड्याले जाते इथून, डबा घेऊन. माझ्यानं एक नाला पार नाही झाला."

खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला रागच आला. इतकी वर्षं मला चुकीच्या गोष्टीवर रुसायला लावलं म्हणून. मग तोही फार टिकला नाही, अंगात जोर नव्हता. मी उरलेली अर्धी भाकर काढली आणि म्हणाले, "हे खाऊन घ्या." यांनी खाल्ली.

फाट्यावर पोचायला दिवस कलला. एरवी पाऊण तासाची वाट, त्या दिवशी किती वेळ लागला ते मी घड्याळात पाहिलं नाही. बसमध्ये जागा नव्हती. एका मुलीनं यांना उठून जागा दिली आणि मी दांड्याला धरून उभी राहिले. सौंसरला उतरल्यावर मी यांना रिक्षात बसवलं. घर पाच मिनिटांवर होतं, तरी.

घरी यांचे बूट काढले तर टाचेला मोठा फोड आलेला आणि फुटलेला. साखरेच्या माणसाला असली जखम वाईट. ती सुकायला जेठ उजाडला. रोज सकाळ-संध्याकाळ मी ड्रेसिंग करत होते. रिटायर झाल्यावर मला मिळालेला तो एकच पेशंट, आणि तो मीच तयार केलेला. मुलगा नागपूरहून आला आणि आम्हा दोघांना बोलला. या वयात, या उन्हात, डोंगरावर, नर्स असून. आम्ही दोघांनी ऐकून घेतलं. त्याचं काही चुकलं नव्हतं. जाताना त्यानं फ्लॅटचं परत काढलं, आणि या वेळी यांनीही बघू म्हटलं.

उन्हाळा घरात गेला. पावसाळाही. मी पुन्हा दुपारी झोपू लागले, पण आता शेजारच्या खाटेवर पाय उशीवर ठेवून हेही असायचे. कधी झोप लागली नाही तर बोलायचो. मी त्यांना ती अडलेली खेप सांगितली, पूर्ण, कंदिलाच्या उजेडात काय काय झालं ते. यांनी दुकानातल्या गोष्टी सांगितल्या. शाळा उघडायच्या दिवसांत मी फेरीवर असताना हे मुलाला गादीमागं झोपवून वह्या विकायचे, ते मला माहीत नव्हतं. किंवा माहीत होतं आणि लक्ष नव्हतं.

या दिवाळीनंतर आम्ही परत जायला लागलो आहोत. मुलाला सांगितलेलं नाही. आता सकाळी पोटभर खाऊन निघतो, यांच्या खिशात गूळ असतो आणि माझ्याही. नाल्याच्या पुढं जात नाही. पूर्वी जे अंतर मी डबा घेऊन धावत कापायचे, त्याला आम्हाला दीड तास लागतो. माझा उजवा गुडघा उतारावर आवाज करतो. यांच्या पायातले मोजे मी घरून निघताना तपासते आणि नाल्यात बसल्यावर पुन्हा काढून पाहते. नागपूरचं अजून ठरलेलं नाही. कदाचित होळीनंतर जाऊ. तिथं जवळ बगीचा आहे, फरसबंद, मुलगा म्हणाला.

गेल्या रविवारी हे मोहाखाली झोपले आणि मी शेजारी बसून होते. ऊन चांगलं होतं, बोचणारं नव्हतं. बकऱ्या घेऊन एक बाई वरून उतरली. तिनं विचारलं की कुठं जाऊन राहिले. मी म्हणाले, कुठंच नाही, बसायला आलो. तिला त्यात नवल वाटलं नाही. तीही थोड्या अंतरावर टेकली. बकऱ्या नाल्यात पसरल्या. मग तिनं तंबाखू मळली आणि तिच्या गुडघ्याचं सांगायला लागली. मी कोणत्या तेलानं चोळायचं ते सांगितलं. मी कोण, ते सांगितलं नाही.

हे उठले तेव्हा तीन वाजून गेले होते. मी त्यांना पाणी दिलं, बुटांच्या नाड्या बांधून दिल्या. निघालो तेव्हा मी पुढं झाले. मी मागं असले की हे उगाच घाई करतात.